मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर १२,५०० किलोमीटर, मग तास किती?

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला शेजारचे काका हातात फोन घेऊन आमच्या दारात उभे राहिले. काकू त्याच दिवशी पहाटे दोनच्या विमानाने लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाल्या होत्या. पहिलाच विमानप्रवास, तोही एकटीने. जावयाने काकांच्या फोनवर विमानाचा मार्ग दाखवणारं ॲप घालून दिलं होतं आणि तेव्हापासून काकांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. "अमेरिका पश्चिमेला ना? मग हे विमान उत्तर ध्रुवाकडे कशाला चाललंय?" नकाशावरचं छोटं पिवळं विमान स्कॉटलंड मागे टाकून आइसलंडकडे सरकत होतं.

मी त्यांच्या घरी गेलो. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या कडेला काकांनी पेन्सिलने हिशेब मांडून ठेवला होता. अंतर १२,५००, वेग ताशी ९००, भागाकार जवळपास १४. तिकिटावर मात्र जायचे १६ तास आणि जूनमधल्या परतीचे साडेचौदा. शिवाय तिकिटावरच्या वेळा बघाव्यात तर जाताना पहाटे दोनला सुटून त्याच दिवशी सकाळी साडेसातला पोचायचं, म्हणजे साडेपाच तास. आणि येताना सकाळी साडेअकराला सुटून दुसऱ्या दिवशी साडेअकराला, म्हणजे चोवीस तास. काका उभं आयुष्य हिशेब तपासण्यात घालवलेले गृहस्थ. एकाच प्रवासाचे पाच आकडे आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, याने ते खरोखर अस्वस्थ झाले होते.

पाचही आकडे बरोबर आहेत. ते कसे, हे त्या दिवशी मी काकांना सांगत गेलो. ज्यांची मुलं परदेशात आहेत अशा घराघरांत हाच गोंधळ उडतो, म्हणून ते सगळं इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी अंतर : दोरा ताणून बघा

काकांच्या नातवाचा पृथ्वीचा गोल कपाटावर धूळ खात होता. तो खाली काढला आणि काकूंच्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरलं. आधी दोरा आडवा ठेवला, शाळेच्या सपाट नकाशावर पट्टीने रेघ मारावी तसा: अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया, मग अटलांटिक महासागर. हा झाला काकांच्या मनातला 'सरळ' रस्ता. मग दोन्ही टोकं तशीच धरून दोरा ओढून ताठ केला. तो आपोआप वर सरकला आणि बोटभर दोरा हातात शिल्लक राहिला. काकांनी तो स्वतः दोनदा ताणून पाहिला.

गोलावर दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे हा ताणलेला दोरा. भूगोलात याला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. आपण दोऱ्याचा रस्ताच म्हणू. मुंबई–न्यूयॉर्कच्या बाबतीत तो क्वेट्ट्याच्या आसपास पाकिस्तान ओलांडतो, तुर्कमेनिस्तान-उझबेकिस्तान-कझाकस्तानवरून रशियात शिरतो, मॉस्कोजवळून जातो, फिनलंडचा दक्षिण किनारा, स्वीडन, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक असं करत कॅनडात उतरतो आणि अमेरिकेच्या मेन राज्यावरून न्यूयॉर्कला पोचतो. वाटेत तो जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो. आर्क्टिक वृत्त तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

या रस्त्याची लांबी सुमारे १२,५०० किलोमीटर. सपाट नकाशावरची सरळ रेघ धरली तर ती भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. म्हणजे जो रस्ता वाकडा वाटतो तो जवळपास १,७०० किलोमीटरने जवळचा आहे. विमानाच्या वेगाने जवळजवळ दोन तास वाचतात.

दोष आपल्या डोळ्यांचा नाही, नकाशाचा आहे. संत्र्याची साल काढून टेबलावर सपाट दाबली तर ती फाटते. न फाटता सपाट करायची तर कुठेतरी ताणावी लागते. आपल्या ओळखीचा जगाचा नकाशा बहुतेक वेळा मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीचा असतो. १५६९ साली त्याने तो दर्यावर्दींसाठी केला, होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकता यावं म्हणून. त्या कामाला तो उत्तमच आहे. पण त्यात ध्रुवांकडचा भाग अफाट ताणला जातो. या नकाशावर ग्रीनलंड भारताच्या कितीतरी पट मोठं दिसतं. प्रत्यक्षात भारताचं क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर आणि ग्रीनलंडचं २२ लाखांच्या आत. फोनवरच्या ॲपमध्येही नकाशा बहुधा याच घराण्यातला असतो, त्यामुळे काकूंचं विमान उगाच वळसा घेतंय असं काकांना वाटत राहिलं.

पण विमान दोऱ्यावरून जातं का?

नाही. इंटरनेटवर 'मुंबई ते न्यूयॉर्क अंतर' शोधलं की जो आकडा मिळतो तो दोऱ्याचा असतो. विमान जातं माणसांनी आखलेल्या आकाशातून, आणि त्या आकाशाला कुंपणं आहेत.

१९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचा आपल्या डोक्यावरच्या आकाशावर पूर्ण हक्क असतो. कुणाला जाऊ द्यायचं, किती शुल्क घ्यायचं, कधी दार लावायचं हे तो देश ठरवतो. आता वरची यादी पुन्हा वाचा: पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया. मुंबई–न्यूयॉर्कचा दोरा गेल्या काही वर्षांतल्या सगळ्यात कटकटीच्या आकाशातून जातो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं. युक्रेनचं आकाश बंद झालं आणि रशियाने युरोप-अमेरिकेच्या विमानांना आपली हद्द बंद केली. मार्च २०२२ मध्ये युनायटेड या अमेरिकी कंपनीने मुंबई–नेवार्क (न्यूयॉर्कच्या शेजारचा, न्यू जर्सीतला विमानतळ) आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को ही आपली थेट उड्डाणं थांबवली. भारतीय कंपन्यांना रशियावरून जायला मुभा होती, त्यामुळे तेव्हा त्यांचं पारडं जड झालं. पहलगामच्या हल्ल्यानंतर फासे उलटे पडले. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली आणि ही बंदी महिन्यामागून महिना वाढवत नेली. भारतानेही पाकिस्तानी विमानांना दार लावलं. याआधी २०१९ मध्ये, बालाकोटनंतर, पाकिस्तानी आकाश फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत असंच बंद होतं.

याचा फटका मुंबईपेक्षा दिल्लीला जास्त. मुंबईचं विमान तसंही समुद्रावरून निघू शकतं. जरा खालून, ओमानच्या बाजूने गेलं की झालं. दिल्लीच्या विमानाला पश्चिमेला जायचं तर आधी दक्षिणेला गुजरातपर्यंत यावं लागतं, मग अरबी समुद्र, मग कुठे पुढचा रस्ता. बंदी आल्यानंतर उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना युरोपात उतरून इंधन भरावं लागलं.

यातलं मला सगळ्यात चटका लावणारं उदाहरण ताश्कंदचं आहे. लालबहादूर शास्त्रींचं जिथे निधन झालं ते हे शहर आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना नावाने ठाऊक आहे. दिल्लीहून ते सरळ रेषेत सुमारे १,६०० किलोमीटर. दिल्लीहून तिरुवनंतपुरम याहून लांब आहे, सव्वादोन हजारांच्या आसपास. तरीही एप्रिल २०२५ च्या अखेरीस इंडिगोला दिल्ली–ताश्कंद आणि दिल्ली–अल्माटी ही उड्डाणं थांबवावी लागली. मधलं आकाश बंद झाल्यावर जो वळसा पडतो तो त्यांच्या लहान विमानांच्या टप्प्याबाहेर गेला.

आणखी एक बंधन सुरक्षेचं. दोन इंजिनांच्या विमानातलं एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर ठरावीक वेळेत पोचता येईल असा विमानतळ वाटेत सतत असावा लागतो. अटलांटिकवरून जाताना आइसलंड, ग्रीनलंड, कॅनडाचा पूर्व किनारा हे या हिशेबातले विसावे. काकांना हे ऐकून सगळ्यात बरं वाटलं. इतका वेळ त्यांच्या डोळ्यांपुढे नुसतं पाणीच होतं.

जाताना सोळा, येताना साडेचौदा : वाऱ्याची गोष्ट

काकांच्या ॲपवर त्या क्षणी विमानाचा वेग ताशी ७९० किलोमीटर दिसत होता. "नऊशे म्हणतात ना?" नऊशे बरोबर आहे, पण तो हवेच्या तुलनेत. ॲप दाखवतं तो जमिनीच्या तुलनेत.

खाडीतली होडी डोळ्यांपुढे आणा. तांडेल त्याच जोराने वल्ही मारतोय, पण भरती विरुद्ध असली तर किनाऱ्यावरची झाडं हळू सरकतात आणि पाणी सोबतीला असलं तर भराभर. वल्ह्याचा जोर तोच, बदललं ते पाणी. विमानाच्या खालीवर जे पाणी वाहतं ते म्हणजे हवा. साधारण ९ ते १६ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे हवेच्या नद्या वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. आपण वरचा वारा म्हणू. मोठी प्रवासी विमानं साडेदहा-अकरा किलोमीटरवर उडतात, म्हणजे नेमकी या नदीत किंवा तिच्या काठावर. थंडीत हा वारा ताशी २०० किलोमीटरच्या वर जाणं नवलाचं नाही.

अमेरिकेला जाताना हा वारा तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. बाकी काही नाही, एवढंच. उन्हाळ्यात तो जरा सैल पडतो, म्हणून त्याच मार्गाच्या वेळा ऋतूप्रमाणे थोड्याफार बदलतात.

या वाऱ्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात केला. ते हवेत फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांचा माग ठेवायचे. निष्कर्ष साऱ्या जगाला वाचता यावेत म्हणून त्यांनी ते एस्परान्तो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेत छापले, आणि त्यामुळेच ते फार थोड्यांनी वाचले. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी विमानांना हा वारा प्रत्यक्ष भेटला, तेव्हा कुठे त्याची जगाने दखल घेतली. माणसाने मन लावून केलेलं काम इतकी वर्षं पडून राहिलं, याची मला प्रत्येक वेळी हळहळ वाटते.

वरचा वारा किती ताकदीचा असतो? फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी सहा-सात तास लागतात. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरी त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नाही, कारण ते ज्या हवेत होतं तिच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं.

मात्र सगळ्यात शिकवणारं उदाहरण आपल्याच एअर इंडियाचं आहे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं त्यांचं विमान आधी पश्चिमेने, अटलांटिकवरून जायचं. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशा बदलली आणि पूर्वेने, पॅसिफिकवरून विमान नेलं. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीच्यापेक्षा जवळपास दोन तास लवकर. वारा आता पाठीशी होता. येताना ते पुन्हा पूर्वेनेच, अटलांटिकवरून यायचं, म्हणजे दोन्ही वेळा वारा पाठीशी आणि जाऊन-येऊन पृथ्वीला पूर्ण फेरी.

हे सांगितलं तेव्हा काकांनी पेन्सिल खाली ठेवली. लांबचा रस्ता लवकर पोचवतो हे कागदावरच्या भागाकारात बसत नाही, कारण त्यात वाऱ्याची ओळच नसते.

विमान निघण्याआधी मार्ग आखणारी माणसं हेच करत असतात. त्या दिवशीचा वारा, बंद-उघडी आकाशं आणि शुल्क यांचा मेळ घालून कमी वेळेचा आणि कमी इंधनाचा रस्ता शोधायचा. उत्तर अटलांटिकवर तर वाऱ्याप्रमाणे रोज नव्याने हवाई वाटा आखल्या जातात. पश्चिमेला जाणाऱ्यांच्या वेगळ्या आणि पूर्वेला येणाऱ्यांच्या वेगळ्या. म्हणून आज काकूंचं विमान ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने उद्याचं जाईल असं नाही.

जाताना तोटा, येताना फायदा. मग बरोबरी होते ना?

होत नाही, आणि हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. वारा नाही असं धरून ताशी ९०० ने १२,५०० किलोमीटर जाऊन-येऊन २७ तास ४७ मिनिटं लागतील. आता ताशी १०० चा वारा धरा. जाताना वेग ८००, वेळ १५ तास ३८ मिनिटं. येताना वेग १,०००, वेळ साडेबारा तास. बेरीज २८ तास ८ मिनिटं. एकवीस मिनिटांचा तोटाच. विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ काढतो, सोबतीच्या वाऱ्यात कमी, म्हणून नुकसान जास्त वेळ सोसावं लागतं आणि फायदा कमी वेळ मिळतो.

पृथ्वी फिरते, मग विमानाने वर जाऊन नुसतं थांबावं, अमेरिका खाली येईल!

हा प्रश्न मला लहान मुलांनी विचारला आहे आणि मोठ्या पदांवरच्या माणसांनीही. प्रश्न चांगला आहे, त्याला हसू नये.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पळते आहे. पण धावत्या लोकलमध्ये एखाद्या मुलाने शेंगदाणा वर उडवला तर तो त्याच्याच हातात पडतो, मागच्या डब्यात जात नाही. डबा, मुलगा, शेंगदाणा आणि डब्यातली हवा सगळी एकाच वेगाने चाललेली असतात. पृथ्वीभोवतीची हवाही तशीच पृथ्वीसोबत फिरते आणि विमान त्या हवेत असतं. हवा सोबत फिरत नसती तर मुंबईत बारा महिने ताशी दीड हजार किलोमीटरचं वादळ सुटलेलं असतं.

तरीही पृथ्वीच्या फिरण्याचा या गोष्टीत हात आहे, मात्र आडून. विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडे निघते. विषुववृत्तावरची जमीन सगळ्यात जोरात फिरते, म्हणून ही हवा तिचा तो पूर्वेकडचा वेग घेऊन येते आणि उत्तरेला, जिथली जमीन तुलनेने हळू फिरते, तिथे पूर्वेकडे पुढे पळते. गरम-थंड हवेतली तफावत आणि हे फिरणं यांतून वरचा वारा जन्मतो. थोडक्यात, पृथ्वी फिरते म्हणून अमेरिका जवळ येत नाही; पृथ्वी फिरते म्हणून वारा पूर्वेला वाहतो आणि येणारं विमान लवकर येतं.

आता घड्याळ

साडेपाच तास आणि चोवीस तास हे आकडे प्रवासाचे नाहीतच, ते दोन घड्याळांचे आहेत. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. भारताची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते, म्हणून आपण लंडनच्या मूळ वेळेच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे. दोघांमधलं अंतर साडेदहा तास.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. त्या काळात हे अंतर साडेनऊ तासांचं होतं. लेकीला रोज ठरलेल्या वेळी फोन करणाऱ्या आईवडिलांना हे तारखेसकट पाठ असतं.

आता काकांचा हिशेब. जानेवारीत जाताना पहाटे २ ते सकाळी ७.३० हे साडेपाच तास अधिक घड्याळातला फरक साडेदहा: बरोबर १६. जूनमध्ये येताना साडेअकरा ते साडेअकरा हे चोवीस तास उणे साडेनऊ: साडेचौदा. पश्चिमेला जाताना मिळवायचं, पूर्वेला येताना वजा करायचं. पेन्सिल परत काकांच्या हातात गेली आणि या दोन ओळी कालनिर्णयवर चढल्या.

जाता जाता एक आठवण मुंबईची. १९०६ मध्ये भारताची एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईने आपली स्वतःची वेळ बराच काळ सोडली नाही. ती भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि शहराच्या कारभारात १९५५ पर्यंत टिकून राहिली. एका शहराची दोन घड्याळं सांभाळणारी माणसं आपल्याकडे होतीच की.

तिकिटावरच्या तासांत काय काय असतं?

तिकिटावरचे १६ तास हे सगळे हवेतले नसतात. विमान उभं असताना चाकांना अडसर लावलेले असतात. सुटताना ते काढल्यापासून पोचल्यावर पुन्हा लावेपर्यंतचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. तिकिटावर छापतात तो हा. यात धावपट्टीपर्यंतची रांग, उतरण्याआधी घातलेल्या घिरट्या आणि उतरल्यावर दारापर्यंतचं सरकणं सगळं धरलेलं असतं. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. इथे रांग लागणं नित्याचं.

उशीर झाला असं व्हायला नको म्हणून कंपन्या या वेळात थोडी सवडही ठेवतात. म्हणून कित्येकदा विमान 'वेळेआधी' पोचतं.

मग जोरात का नेत नाहीत?

१९६० मध्ये एअर इंडिया बोइंग ७०७ घेऊन लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. मुंबईहून न्यूयॉर्कला न थांबता जाणारी त्यांची सेवा सुरू झाली ऑगस्ट २००७ मध्ये. या काळात विमानं मोठी झाली, शांत झाली, न थांबता जाऊ लागली, पण त्यांचा वेग जवळपास तोच राहिला, ध्वनीच्या वेगाच्या पाऊणपटीपेक्षा थोडा जास्त. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि इंधन भरमसाट जळतं. बोइंग ७७७-३०० ईआर विमानाच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावतं. लांबच्या प्रवासात यातलं बरंचसं इंधन बाकीच्या इंधनाचं ओझं वाहण्यातच जळतं. शिदोरी वाहायला बैल लावावा आणि बैलाने वाटेत तीच शिदोरी खावी तसं.

कॉन्कॉर्ड लंडन–न्यूयॉर्क साडेतीन तासांत करायचं, पण तेही २००३ मध्ये थांबलं. मुंबईहून न्यूयॉर्कला एका दमात जाण्याइतका त्याचा पल्लाच नव्हता.

थांबा घेऊन गेलं तर अंतर खूप वाढतं का?

मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५४०. बेरीज १२,७४०. म्हणजे लंडनला थांबून गेलं तर दोऱ्याच्या रस्त्यापेक्षा जेमतेम दोन-अडीचशे किलोमीटर वाढतात. दुबईमार्गे चार-साडेचारशे. अंतर जवळपास तेवढंच. वेळ जातो तो विमानतळावर, दुसऱ्या विमानाची वाट बघण्यात. ज्येष्ठ माणसांना पाठवताना मला तीन तासांचा थांबा बरा वाटतो. एका बाजूला सोळा तास एका खुर्चीत पाय आखडून बसणं, दुसऱ्या बाजूला तासाभरात विमान बदलायची धावपळ. त्यापेक्षा मधे पाय मोकळे करून सावकाश पुढे जाणं सोपं पडतं. ज्यांना परक्या विमानतळाची धास्ती वाटते त्यांनी थेट जावं आणि दर दोन तासांनी उठून चार पावलं चालावं. काकूंनी धास्तीपोटीच थेट विमान घेतलं होतं.

त्या रविवारी संध्याकाळी पावणेसहाला, म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे सव्वासात झालेले असताना, लेकीचा फोन आला की विमान उतरलं. काकांनी कालनिर्णयवर त्या तारखेखाली वेळ लिहिली, दोन्हीकडची.

जूनमध्ये काकू परतल्या त्या दिवशी मी काकांबरोबर विमानतळावर होतो. मी म्हटलं होतं, साडेअकराचं विमान आहे, अकरापर्यंत पोचू. काकांनी मला सकाळी सातलाच उठवलं. पहाटे त्यांनी ॲपवर वेग बघितला होता, ताशी १,०३०. "वारा पाठीशी आहे," म्हणाले, "आणि त्यांनी सवड ठेवलेली असणार." विमान दहा पन्नासला टेकलं.